छत्तीस चौकटींमधली पत

माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये स्कूटरच्या कर्जाखाली छत्तीस बारीक चौकटी होत्या. एका महिन्याला एक, अशा तीन वर्षांच्या. तेहतीस चौकटींत एकच मजकूर: ०००. शाळेत ज्या शून्याची धास्ती वाटायची, तो इथे सगळ्यात चांगला शेरा. त्या महिन्याचा हप्ता एकही दिवस थकलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्या तीन चौकटींत मात्र ०२७, ०५५ आणि ०८६ असे आकडे होते. शेजारी थकीत रक्कम लिहिलेली: ५९० रुपये.

कर्ज फिटलं होतं. बेबाकी दाखला फायलीत होता, आरसीवरचा बोजाही आरटीओत जाऊन उतरवला होता. मग हे ५९० रुपये कुठून आले? थोडा हिशेब केल्यावर उलगडा झाला. ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये. शेवटचा हप्ता एकदा बाउन्स झाला होता, त्याचा दंड. तो मी शाखेत रोख भरला होता आणि पावतीही घेतली होती. काउंटरवर ती रक्कम भलत्याच खात्याला जमा पडली आणि माझ्या खात्यावर ४ जानेवारीपासून ५९० रुपये येणं दिसत राहिलं. त्या तारखेपासून जानेवारीअखेर २७ दिवस, फेब्रुवारीअखेर ५५, मार्चअखेर ८६. एका पावतीची चूक आणि त्यापुढचं गणित मात्र एका दिवसानेही न चुकलेलं!

नव्वद दिवसांच्या पुढे थकलेलं कर्ज बँकांच्या भाषेत एनपीए, म्हणजे अनुत्पादक. माझ्या हातात अहवाल आला तोवर एप्रिलची पाच तारीख उलटली होती. पुढची चौकट नव्वदीच्या पलीकडची असणार होती. ती चौकट पुसण्याच्या खटपटीत मी ज्या यंत्रणेच्या आत डोकावलो, तिने मला थक्क केलं. ते सगळं सांगावंसं वाटतं, म्हणून हा लेख.

पत म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं

मराठीत ‘पत’ हा शब्द किती नेमका आहे पाहा. माणसाची अब्रूही पत आणि त्याला उधार मिळण्याची लायकीही पत. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. आपली पत आपण स्वतः ठरवू शकत नाही. ती आपल्याबद्दल इतरांनी केलेल्या नोंदींतून उभी राहते. गावातल्या वाण्याच्या वहीत नावापुढे काय लिहिलंय, यावर दिवाळीचा किराणा उधार मिळायचा की नाही हे ठरायचं. पण ती वही एका दुकानाची होती. बाजूच्या गावातला दुकानदार ती वाचू शकत नव्हता.

अनेकांच्या वह्या एकत्र करण्याची युक्ती न्यूयॉर्कमध्ये सुचली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात ल्यूइस टॅपन आणि त्याचा भाऊ यांची रेशमाची पेढी बुडाली. उधारीवर माल नेणाऱ्यांची खरी पत कळायला मार्ग असता तर, या विचारातून त्याने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे बातमीदार, बहुतेक वकील, स्थानिक व्यापाऱ्यांविषयी लिहून पाठवायचे आणि ते मजकूर जाडजूड वह्यांत हाताने उतरवले जायचे. पुढे १८९९ मध्ये अटलांटात कॅटर आणि गाय वूलफर्ड या भावांनी दुकानदारांसाठी गिऱ्हाइकांच्या पतीची यादी छापायला सुरुवात केली. त्यांची ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ म्हणजेच आजची इक्विफॅक्स. भारतातल्या चार पतमाहिती कंपन्यांपैकी ती एक आहे.

या सगळ्या काळात ज्याच्याविषयी लिहिलं जायचं, त्याला ते वाचायचा हक्क नव्हता. नोंद चुकली तर कळायची सोय नाही आणि कळली तर उत्तर द्यायची जागा नाही. अमेरिकेत हा हक्क कायद्याने मिळायला १९७० साल उजाडावं लागलं. आपल्याकडे सिबिलची स्थापना २००० मध्ये मुंबईत झाली आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ मध्ये आला. त्यात पाहण्याचा आणि दुरुस्ती मागण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना तो लागू आहे. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव बसलं. ‘तुझा सिबिल किती?’ असं आपण सर्रास विचारतो. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असं राज्य सरकारला बँकांना पुन्हा पुन्हा बजावावं लागतं, इतका हा शब्द शेताच्या बांधापर्यंत पोहोचला आहे.

नोंद कशी प्रवास करते

देशातल्या बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था आपल्या कर्जदारांची माहिती ठरलेल्या साच्यात या कंपन्यांना पाठवतात. पूर्वी हे महिन्यातून एकदा व्हायचं. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ते पंधरवड्यावर आणलं. प्रत्येक कर्जदात्याने चारही कंपन्यांचं सदस्य व्हायचं, असा आदेश २०१५ मध्येच निघाला होता. त्यामुळे एका शाखेतली एक नोंद चार ठिकाणी जाऊन बसते.

इथे एक जबरदस्त कोडं उभं राहतं. एका बँकेने गृहकर्जाची नोंद पाठवली, दुसरीने कार्डाची, तिसरीने स्कूटरची. तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हे संगणकाने ओळखायचं कसं? कोणतीही एक खूण पुरत नाही. नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाइल, पत्ता, मतदार ओळखपत्र अशा अनेक खुणा ताडून पाहून तो ठरवतो की या तिघी एकाच फायलीत जातील.

त्या संगणकाच्या जागी बसून आपल्या मराठी नावांकडे पाहा. ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत लिहायला दहा जणांना सांगितलं, तर सुरुवातीच्या ज्ञ पाशीच निरनिराळे मार्ग फुटतात. कोणी डीएन लिहितो, कोणी डीएनवाय, कोणी जीवाय. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं, बँकेच्या फॉर्मवर शेवटी. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली जुनी रीत. म्हणजे वडील गोविंद रामचंद्र आणि मुलगा रामचंद्र गोविंद. आडनाव एक, पत्ता एक, शब्दही तेच, फक्त क्रम उलटा. त्यात जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला आठवत नसे आणि मास्तर जूनची पहिली तारीख लिहून टाकत. एका गावात, एका आडनावाची, एकाच जन्मतारखेची माणसं कितीतरी निघतील. संगणकाला ती जुळी वाटली तर नवल नाही. इतक्या गुंत्यातून बहुतेकांच्या फायली बरोबर लागतात, याचंच नवल करायला हवं.

पॅनमुळे या कामाला मोठा आधार मिळाला. त्या दहा चिन्हांकडे कधी निरखून पाहिलंय? चौथं अक्षर पी असेल तर तो पॅन व्यक्तीचा. पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर. शेवटचं अक्षर आधीच्या चिन्हांवरून हिशेबाने काढलेलं असतं, आकडा लिहिताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून. लग्नानंतर जिने आडनाव बदललं, तिचा पॅन क्रमांक मात्र बदलत नाही. तिच्या पाचव्या अक्षरात माहेरचं आडनाव जन्मभर सोबत राहतं. नावं बदलली, पत्ते बदलले, तरी त्या एका ओळीवरून संगणकाला कळतं की ही तीच.

चुका कुठे होतात

एवढं कळल्यावर चुकांचे प्रकार आपोआप समजतात. पहिला, ओळखीची चूक: जन्मतारीख, पत्ता किंवा पॅनमध्ये गफलत. दुसरा, दुसऱ्याचं कर्ज आपल्या फायलीत शिरणं, किंवा आपल्या कागदपत्रांवर कुणीतरी परस्पर कर्ज उचललेलं असणं. तिसरा, फिटलेलं कर्ज चालू दिसणं. चौथा, थकबाकीचे दिवस किंवा शिल्लक रक्कम चुकीची असणं. माझं प्रकरण तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांतलं होतं.

हे क्वचित घडतं असं समजू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १००१ लोकांचे सुमारे ३००० अहवाल तपासले आणि निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर केले. दर पाच जणांत एकाच्या निदान एका अहवालात चूक निघाली आणि तक्रारीनंतर ती दुरुस्त झाली. दर वीस जणांत एकाची चूक कर्ज महाग पडावं इतकी मोठी होती. तो देश वेगळा, तिथल्या पद्धती वेगळ्या. पण माणसांनी भरलेल्या आणि यंत्रांनी जुळवलेल्या नोंदी सगळीकडे सारख्याच हळव्या असतात.

चूक नेमकी कुठे झाली, हे शोधायची एक सोपी रीत आहे. चारही कंपन्यांचे अहवाल शेजारी ठेवायचे. तीच चूक चौघांत असेल तर ती कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनच निघाली असणार. एकाच अहवालात असेल, तर जुळवणीत किंवा नोंद चढवताना घोटाळा झाल्याची शक्यता जास्त. डॉक्टरने चार ठिकाणी नाडी पाहावी, तसं हे निदान आहे. माझे ५९० रुपये चारही ठिकाणी हजर होते.

एक मात्र नीट समजून घ्यायला हवं. नको असलेली प्रत्येक नोंद चूक नसते. कर्ज तडजोडीने, कमी रक्कम भरून मिटवलं असेल, तर त्यावर ‘सेटल्ड’ हा शेरा खरा आहे. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात आणि त्याने हप्ते थकवले, तर तुमच्या अहवालात ते दिसणं बरोबर आहे. जामीनदाराची सहीसुद्धा पतीवरचीच सही असते. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणारे एजंट हे सांगत नाहीत. खरी चूक दुरुस्त करायला तर एक रुपयाही लागत नाही.

कंपनी स्वतः खोडू शकत नाही

दुरुस्तीची सगळ्यात विलक्षण बाजू २००५ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात आहे. पतमाहिती कंपनीने चूक दिसल्यावर ती स्वतःच्या मनाने खोडायची नाही. ज्या संस्थेने नोंद पाठवली, तिने दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्यावरच बदल करायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. पावती माझ्या हातात आहे, मग पुन्हा त्याच दाराशी कशाला पाठवता?

विचार केल्यावर त्यातलं शहाणपण दिसलं. कंपनीने माझ्या शब्दावर नोंद खोडली, तर कुणाच्याही शब्दावर खोडावी लागेल आणि मग त्या अहवालावर कोण विश्वास ठेवेल? फेरफार नोंदवताना तलाठी नुसत्या तोंडी सांगण्यावरून सातबारा बदलत नाही, तसंच हे. पण कायद्याने तिथेच थांबून नागरिकाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. त्याने सोबत एक घड्याळ दिलं आहे.

तक्रार नोंदवल्यापासून तीस दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. या तीस दिवसांची वाटणीही ठरलेली आहे. सुधारित माहिती पाठवायला कर्जदात्या संस्थेला २१ दिवस, उरलेले ९ दिवस पतमाहिती कंपनीला. २६ एप्रिल २०२४ पासून या घड्याळाला दातही आले. तीस दिवस उलटले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यायची. उशीर ज्याच्या वाटणीच्या दिवसांत झाला, ती त्याने भरायची. संस्थेने वेळेत माहिती दिली आणि कंपनी रखडली तर कंपनीने, संस्थाच रखडली तर संस्थेने. दुरुस्ती नाकारली, तर कारण सांगायचं. कोणीतरी दोन मोठ्या संस्थांच्या मध्ये उभ्या असलेल्या एकट्या माणसाचा विचार करून हा नियम लिहिला आहे, हे वाचताना जाणवतं.

५९० रुपयांचा परतीचा प्रवास

माझी दुरुस्ती अशी झाली. प्रत्येक अहवालावर एक क्रमांक छापलेला असतो. सिबिलच्या अहवालावर त्याला कंट्रोल नंबर म्हणतात. तक्रारीत तो द्यावा लागतो, कारण तुम्ही नेमका कोणत्या दिवशीचा अहवाल पाहून बोलताय हे त्यावरून कळतं. संकेतस्थळावर तक्रारीचा भाग उघडून मी ते खातं निवडलं आणि त्यातल्या चुकीच्या जागा एकेक करून दाखवल्या: थकीत रक्कम, खात्याची स्थिती, शेवटच्या तीन चौकटी. ‘माझा स्कोअर वाढवा’ असं लिहून उपयोग नसतो. ३०० ते ९०० मधला तो आकडा नोंदींवरून निघतो. नोंद सुधारली की तो आपल्या पायांनी चालत येतो.

त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला. सोबत तीन कागद: बेबाकी दाखला, दंडाची पावती आणि हप्त्याचे पैसे गेल्याचा बँकेचा उतारा. मजकूर पाच ओळींचा. कोणतं खातं, काय चुकलं, खरं काय, पुरावा कोणता, काय हवंय. घडलेली सगळी कहाणी आणि झालेला मनस्ताप लिहायचा मोह आवरला. नोंदी तपासणाऱ्या माणसाला तारीख आणि रक्कम हवी असते. तीच समोर ठेवली की त्याचंही काम सोपं होतं.

दोन दिवसांनी अहवालात त्या खात्यापुढे ‘वादग्रस्त’ अशी खूण आली. ती पाहून बरं वाटलं. निकाल लागला नसला तरी अहवाल वाचणाऱ्या कुणालाही आता कळणार होतं की या नोंदीवर खातेदाराचं म्हणणं वेगळं आहे. टॅपनच्या वह्यांमध्ये अशी खूण करायची सोय कुणालाच नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला. संस्थेला ती रक्कम सापडली होती, दुसऱ्या एका खात्यात पडून होती. नवा अहवाल उघडला. खातं बंद, बंद झाल्याचा महिना डिसेंबर, थकीत रक्कम शून्य. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या चौकटी राहिल्याच नव्हत्या, कारण बंद झालेल्या कर्जाला पुढचे महिने नसतात. उरल्या होत्या फक्त ००० च्या रांगा. पुढच्या काही दिवसांत उरलेल्या तीन अहवालांतही तेच पाहिलं. चूक ज्या वाटेने चार घरांत शिरली होती, त्याच वाटेने परत गेली होती.

तीस दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा पटलं नसतं, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची होती. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि त्याला फी नाही.

आता तुमची पाळी

या देशात कोट्यवधी लोकांच्या कर्जांच्या नोंदी सतत इकडून तिकडे जातात. त्यातल्या एका माणसाच्या एका खात्यातल्या तीन चौकटी चुकल्या, तर तो माणूस बोट ठेवून म्हणू शकतो की हे खरं नाही, आणि अवाढव्य यंत्रणेला थांबून त्याचा कागद वाचावा लागतो. मला या सगळ्यात याचं सर्वांत मोठं अप्रूप वाटतं. मात्र बोट आपल्यालाच ठेवावं लागतं. चुकीची नोंद स्वतः येऊन सांगत नाही.

२०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. कंपन्या चार आहेत, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकीकडून घेतला तर वर्षभर नजर राहते. आपला अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. बँकेत आणि अहवालात मोबाइल नंबर चालू असलेला ठेवा, कारण तुमचा अहवाल कुणी उघडला की तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. कर्ज फिटलं की बेबाकी दाखला घ्या आणि दोन महिन्यांनी अहवालात ते खातं बंद दिसतंय का पाहा. दाखल्याची आणि शेवटच्या पावतीची प्रत जपून ठेवा, रक्कम कितीही किरकोळ असो. घरातल्या थोरांचा, विशेषतः १ जूनला जन्मलेल्यांचा अहवाल त्यांच्या शेजारी बसून एकदा वाचून दाखवा.

अहवाल मागवायला साधारण दहा मिनिटं लागतात. या रविवारी तेवढा वेळ काढा आणि आपल्या चौकटी स्वतः मोजून पाहा.